ताटातलं डावं, रस्त्यावरचं डावं

आजच्या समारंभाचे आणि आजपासून आपल्या मंडळाचेही अध्यक्ष असलेले आदरणीय श्रीनाथजी, ज्यांना निरोप द्यायला आपण सगळे शनिवारची धुणी मशीनमध्ये तशीच ठेवून आलो ते सत्कारमूर्ती, मावळते अध्यक्ष श्री. देवदत्तराव, आपल्या मुलांच्या शाळेच्या मुख्याध्यापिका आणि आजच्या प्रमुख पाहुण्या फ्राऊ ब्रांडल, त्यांच्या कानाशी बसून भाषांतर करणारे आपले नागेश, व्यासपीठावर खुर्ची मिळालेले मान्यवर, खुर्ची न मिळाल्यामुळे रुसलेले मान्यवर, आणि समोर बसलेल्या माझ्या एर्लांगेनकर बंधुभगिनींनो.

मला बोलायला बोलावलं याचं तुमच्याइतकंच मलाही नवल वाटलं. मी सुलेखा. रविवारी सकाळी याच हॉलच्या मागच्या खोलीत मुलांना मराठी शिकवते. म्हणजे मी मराठीत विचारते आणि मुलं जर्मनमध्ये उत्तर देतात, असं आमचं गुण्यागोविंदानं चालतं. कार्यकारिणीत मला खुर्ची आहे, आवाज नाही. परवा श्रीनाथजींचा फोन आला, "सुलेखाताई, तुमची भाषा चांगली आहे. देवदत्तरावांनी मुलांच्या रस्ता-सुरक्षेसाठी जे कार्य केलं, त्यावर चार शब्द बोला. गोड बोला." मी म्हटलं, बोलते. गोड बोलायचं मी कबूल केलं नव्हतं, हे श्रीनाथजींनी जरा आठवून पाहावं.

आल्झो, तर मग, कार्य. देवदत्तराव ज्या कंपनीत आहेत तिथे गाडीला डोळे बसवतात. गाडीपुढे माणूस आला की कॅमेरा त्याला ओळखतो आणि ब्रेक आपोआप लागतो. याच विभागाचे प्रमुख म्हणून ते आता पुण्याला चालले आहेत. टाळ्या वाजवा, मोकळ्या मनानं वाजवा. रस्त्यावर चालणारा माणूस गाडीतल्या माणसाला दिसत नाही, तो यंत्राला तरी दिसावा, यासाठी एवढी हुशार माणसं आयुष्य वेचतात, ही साधी गोष्ट आहे का?

शिवाय देवदत्तरावांचं मुलांवर प्रेम फार. त्यांची कन्या ईप्सिता आपल्या ग्रुंडशूलमध्येच, म्हणजे प्राथमिक शाळेतच आहे. त्यांचं घर शाळेपासून इतकं लांब, की त्यांच्या त्या अगडबंब गाडीचं तोंड शाळेशी पोचतं तेव्हा शेपूट अजून गॅरेजच्या दारात असतं. तरी ते रोज तिला गाडीनं सोडतात. शाळेसमोर हाल्टेफरबोटची पाटी आहे, क्षणभरही गाडी उभी करायची नाही अशी. देवदत्तराव बरोबर त्या पाटीखाली गाडी उभी करतात, म्हणजे पाटीला सावली मिळते. जर्मन लोक अशा गाड्यांना एल्टर्नटॅक्सी म्हणतात, आईबापांची टॅक्सी, आणि ते काही कौतुकानं म्हणत नाहीत. मी एकदा त्यांना विचारलं, पोरीला चालत का नाही पाठवत? तर म्हणाले, "सुलेखाताई, शाळेसमोर गाड्या किती असतात बघितलंत का?" मी बघितल्या होत्या. सगळ्यात पुढची त्यांचीच होती.

नागेश, थांबू नकोस. फ्राऊ ब्रांडल तुझ्याकडे बघतायत. त्यांना सांग, सत्कारमूर्तींची स्तुती चालू आहे.

तर गेल्या वर्षीचा, म्हणजे दोन हजार सोळाचा गणपती आठवा. शाळा सुरू व्हायच्या आदल्या शनिवारी आपण याच हॉलमध्ये कार्यक्रम केला. आधी जेवण, मग मुलांचं गुणदर्शन. वाढायला आपला हृषिकेश होता, जो आता तिकडे गाण्याचं संगीत लावायला लॅपटॉपपाशी बसलाय. तो इथे पीएचडी करतो, लेझरवर की कशावर तरी, पण त्यानं त्या दिवशी फार मोठा गुन्हा केला. कोशिंबीर ताटात उजव्या बाजूला वाढली.

देवदत्तरावांनी अख्खी पंगत थांबवली. वरण गार झालं, पोरं कुरकुरायला लागली, पण अध्यक्ष ताटांमधून फिरत होते. मीठ वर मध्ये, त्याच्या डावीकडे लिंबू, मग चटणी, मग कोशिंबीर. भाजी उजवीकडे. "अरे, ज्याला डावं-उजवं कळत नाही त्यानं मराठी म्हणवून घेऊ नये," असं ते हृषिकेशला सगळ्यांदेखत म्हणाले. तो बिचारा चमचा घेऊन प्रत्येक ताटातली कोशिंबीर उचलून पलीकडे नेत होता. मला वाटलं, चला, संस्कृती वाचली.

जेवणानंतर गाणं झालं. तेच गाणं, ज्यासाठी आज हा शालीचा घाट घातलाय. रस्ता-सुरक्षेचं गाणं. शब्द, चाल आणि दिग्दर्शन देवदत्तरावांचं. पिवळी जॅकेटं घातलेली मुलं एका रांगेत उभी राहायची आणि मान वळवत म्हणायची,

आधी बघा उजवीकडे, मग वळा डावीकडे,
पुन्हा एकदा उजवीकडे, चला आता पलीकडे.

काय गोड म्हणायची. आज्यांनी डोळे पुसले. व्हिडिओ ग्रुपवर गेला, फ्रँकफर्टच्या मंडळात गेला, पुण्याला सगळ्यांच्या सासरी-माहेरी गेला. अंगठे आले, हात जोडून आले, फुलं आली. एवढ्या शेकडो सुशिक्षित लोकांनी ते बघितलं आणि त्यातल्या एकाही विद्वानाला प्रश्न पडला नाही, की बाबांनो, आपण कुठल्या देशात राहतो?

काही जणांना अजूनही पडलेला दिसत नाही. म्हणून सांगते. पुण्यात गाडी रस्त्याच्या डाव्या अंगानं चालते. फुटपाथवरून खाली पाय टाकला की पहिली गाडी उजवीकडून येते. म्हणून तिथे आधी उजवीकडे बघायचं. इथे गाडी उजव्या अंगानं चालते. पाय खाली टाकला की पहिली गाडी डावीकडून येते. इथे आधी डावीकडे बघायचं, आणि पाय उचलायच्या आधी पुन्हा एकदा डावीकडे. हे समजायला कॅमेरा लागत नाही. तुम्ही सगळे रोज इथे गाडी चालवता, लायसन्ससाठी दोन-दोनदा परीक्षा दिल्यात. ताटातलं डावं तुम्हाला झोपेतही चुकत नाही. रस्त्यावरचं डावं मात्र तुम्ही पुण्याहून येताना बॅगेत भरून आणलंत, आणि ते पोरांच्या गळ्यात बांधलंत.

प्रश्न पडला होता तो एकीला. तालमीत. आठ वर्षांची इरा, नागेशची मुलगी. नागेश, हेही भाषांतर कर. इरा इथेच जन्मली, इथल्या शाळेत पोलीसकाका येऊन मुलांना फुटपाथच्या कडेला उभं करून शिकवतात. तालमीत सगळ्यांच्या माना उजवीकडे गेल्या आणि हिची एकटीची डावीकडे. देवदत्तरावांनी संगीत थांबवलं. इरा म्हणाली, "नाइन, त्सुएर्स्ट लिंक्स." नाही, आधी डावीकडे. देवदत्तरावांनी तिला काय सांगितलं ठाऊक आहे? "बाळा, आपल्यात कुठलीही चांगली गोष्ट उजव्यानं सुरू करतात. उजवा पाय, उजवा हात." आणि तिला मागच्या रांगेत पाठवलं. एकीचीच मान उलटी गेली तर व्हिडिओत वाईट दिसतं म्हणून.

मी तिथे होते. मी म्हटलं, पोरगी बरोबर सांगतेय, शब्दांची अदलाबदल करा. तर म्हणाले, "यमक बिघडेल." मी म्हटलं, यमक पलीकडेशी आहे, ते दोन्हीकडून जुळतं. तर म्हणाले, "वृत्त बिघडेल." मी बोटांवर मात्रा मोजून दाखवल्या. उजवी आणि डावी, दोन्हींच्या चार-चार. कवितेचं केसभरही नुकसान होत नव्हतं. तेव्हा ते हसले आणि म्हणाले, "सुलेखाताई, तुम्ही ऱ्हस्व-दीर्घ बघा, सेफ्टी आमचं क्षेत्र आहे." कार्यकारिणी हसली. श्रीनाथजी, तुम्हीही हसलात. नागेशही हसला. त्याचीच पोरगी मागच्या रांगेत उभी होती.

नागेश, पाणी पी हवं तर, पण बोलत राहा.

त्या रांगेत मध्यभागी एक मुलगा होता, ओजस. संध्या आणि तिचे यजमान त्याला घेऊन त्याच उन्हाळ्यात पुण्याहून इथे आले. पोरगं पहिलीत बसलं ते जर्मनचा ओ की ठो कळत नसताना. पोलीसकाकांनी शाळेत काय सांगितलं ते त्याच्या डोक्यावरून गेलं. त्याला कळली ती एकच गोष्ट, आपलं गाणं. मराठीतलं, ओळखीचं. तो ते आंघोळीत म्हणायचा, बूट घालताना म्हणायचा. या परक्या गावात हे एक आपल्याला येतं, असं त्याला वाटायचं.

नोव्हेंबरातली सकाळ. या गावातली नोव्हेंबरची सकाळ म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक आहे, शाळा भरायच्या वेळी धड उजाडलेलंही नसतं. ओजस शाळेसमोरच्या झेब्रापाशी आला. संध्या धाकटीची ढकलगाडी घेऊन चार पावलं मागे होती. त्यानं उजवीकडे बघितलं. डावीकडे बघितलं. पुन्हा एकदा उजवीकडे बघितलं. आणि मान उजवीकडे असतानाच, चला आता पलीकडे.

डावीकडून देवदत्तरावांची गाडी येत होती.

वेग कमी होता, हे खरं. झेब्रावर थांबायचं असतं ते गाडीवाल्यानं, हेही खरं. पण देवदत्तरावांची नजर पलीकडे त्यांच्या लाडक्या पाटीखाली जागा रिकामी आहे का, ते शोधत होती. त्या गाडीत तो माणूस ओळखणारा कॅमेरा होता की नाही, मला माहीत नाही. गाडीतल्या माणसाला डोळे होते. पोराला बंपरचा धक्का बसला, ते पडलं आणि डाव्या हाताचं मनगट मोडलं. पोलीस आले, त्यांनी त्यांचं काम चोख केलं, त्याबद्दल मला काही बोलायचं नाही. मी आपल्या मंडळाचं बोलतेय.

आपल्या मंडळानं काय केलं? बैठक घेतली. मला वाटलं, आता तरी कुणी म्हणेल, गाणं चुकलंय. देवदत्तराव अतिशय जड आवाजात म्हणाले, "पोराचं लक्ष नव्हतं. नुसतं गाणं शिकवून भागत नाही, घरीही शिस्त लागते." सगळ्यांनी माना डोलावल्या. उजवीकडे आणि डावीकडे. आणि ठराव काय झाला? मुलांकडून गाण्याची उजळणी वाढवावी. ऐका नीट. ज्या गाण्यानं पोर गाडीपुढे नेलं, ते पोरांना अजून पक्कं करावं. इंजिनीयर आहात तुम्ही. तुमच्या कारखान्यात एखादा भाग उलटा बसला, तर तुम्ही तो आणखी घट्ट पिळता का?

देवदत्तराव ओजसला भेटायला गेले, हेही सांगायला हवं. लेगोचा मोठा डबा घेऊन गेले. त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "पुढच्या वेळी लक्ष द्यायचं हं." फोटो ग्रुपवर आहे.

प्लॅस्टर निघाल्यावर ओजस पहिल्यांदा माझ्या वर्गात आला, तेव्हा मी त्याला जवळ घेतलं आणि म्हटलं, त्या दिवशी तू कसं बघितलंस, मला दाखव. या हॉलच्या मागच्या खोलीत फरशीची एक काळी पट्टी आहे. तो तिच्या कडेला उभा राहिला आणि त्यानं मान वळवली. उजवी, डावी, उजवी. अगदी मन लावून, ओठातल्या ओठात गाणं म्हणत. मग म्हणाला, "ताई, मी तीनदा बघितलं होतं. खरंच." आणि माझ्याकडे असं बघत राहिला, जणू मी आता त्याला खोटारडा म्हणणार.

मित्रहो, त्या पोराचं लक्ष होतं. त्या सकाळी त्या रस्त्यावर फक्त त्याचंच लक्ष होतं. मोठ्यांनी शिकवलं ते त्यानं अक्षर न चुकवता केलं, म्हणून तो पडला. त्यानं आपलं ऐकलं नसतं, तर त्याचा हात शाबूत राहिला असता. आणि आपण त्याला काय दिलं? बेशिस्त म्हटलं, आणि खेळण्याचा डबा दिला. मला आपली लाज वाटते. मला हेही कळलंय, की तुमच्यातल्या बऱ्याच जणांना नोव्हेंबरातच कळलं होतं. देवदत्तरावांची बढती व्हायची होती, उगाच कशाला, म्हणून तुम्ही गप्प बसलात. संध्यालाही तुम्हीच समजावलंत, "नवीन आहात, जमवून घ्या."

आता तो झेब्रापाशी जातो आणि उभा राहतो. गाड्या थांबतात, लोक काचेतून हात करतात, जा बाळा जा म्हणून. तो जात नाही. त्याला कळत नाही की नेमकं कुठे बघायचं राहिलं. कुणीतरी येऊन हात धरेपर्यंत तो त्या कडेला उभा राहतो. फ्राऊ ब्रांडल यांनी त्याला तसं उभं राहिलेलं पाहिलंय, कितीदा त्याच पुढे होऊन त्याला पलीकडे नेतात. तो का थांबतो, ते त्यांना आज समजेल. गेनाऊ, अगदी असंच, नागेश, हे हळू आणि नीट सांग.

मी त्याला सांगितलं, ओजस, तुझं बरोबर होतं, गाणं चुकलंय. आता आधी डावीकडे बघायचं. त्यानं विचार केला आणि म्हणाला, "पण ताई, गाणं काकांनी लिहिलंय. काका मोठे आहेत." माझ्यावर त्याचा विश्वास बसला नाही. का बसावा? मी फक्त ऱ्हस्व-दीर्घ बघते.

म्हणून मी देवदत्तरावांकडे गेले. म्हटलं, तुम्ही त्याला एकदा सांगा. एक वाक्य. ते म्हणाले, "आता मी जाणारच आहे, सुलेखाताई. नवीन काही काढू नका. निरोपात गोडवा राहू दे." त्यांना गोडव्याची फार काळजी. साखरेचं दुखणं आहे की काय कोण जाणे.

तर गोडवा राहावा म्हणून मी त्यांच्या गाण्याबद्दल एक चांगली गोष्ट सांगते, आणि ती अगदी खरी आहे. हे गाणं पुण्यात बरोबर आहे. तिथे गाड्या उजवीकडूनच येतात. देवदत्तराव, आपलं गाणं घेऊन आपण अखेर योग्य देशात चालला आहात. तिथे ते शाळाशाळांतून गायलं जावो, माझ्या मनापासून शुभेच्छा. आज आपण दोघांना निरोप देतोय, कवीला आणि कवितेला, आणि दोघांनीही परत येऊ नये असं मला वाटतं.

कार्यक्रमपत्रिकेत माझ्यानंतर मुलांचं गाणं आहे, "सत्कारमूर्तींना सुरेल मानवंदना". ते होणार नाही. मुलांची पिवळी जॅकेटं मी उतरवून ठेवली आहेत आणि ती मागच्या खोलीत चिवडा खातायत. काळ्या पट्टीपाशी इरा त्यांना शिकवतेय. आधी कुठे बघायचं, ते. पहिल्या रांगेत उभी राहून. हृषिकेश, तो लॅपटॉप मिटलास तरी चालेल. कोशिंबिरीबद्दल तुझी माफी कुणी मागेल असं मला वाटत नाही, तेव्हा ती मी मागते.

आता आवरते. श्रीनाथजी, आपण मला माईक दिलात आणि मधूनच काढून घ्यावासा वाटला तरी घेतला नाहीत, याबद्दल आभार. फ्राऊ ब्रांडल यांचे आभार, त्या आल्या, आणि सोमवारपासून त्यांच्या शाळेसमोर मराठी मुलांच्या माना कुठे वळतात ते बघायला मी तिथे उभी राहिले, तर त्यांची हरकत नसावी. नागेशचे आभार, त्यानं डोळ्यांत पाणी असतानाही एक वाक्य सोडलं नाही. संध्याचे आभार, ती आज यायलाच तयार नव्हती. आणि तुम्हा सगळ्यांचे, इतका वेळ ऐकून घेतल्याबद्दल. बोलण्याच्या भरात माझ्याकडून काही डावं-उजवं झालं असेल, तर मोठ्या मनानं पोटात घाला. नोव्हेंबरातलं सगळं घातलंच आहेत.

यानंतर सत्कारमूर्ती उत्तरादाखल बोलतील. देवदत्तराव, शाल अंगावर असू द्या, भाषण खिशात असू द्या. ओजस तिसऱ्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर, आईजवळ बसलाय. त्याला फक्त एवढंच सांगायचंय, की बाळा, तुझं चुकलं नव्हतं. ते तुमच्या तोंडून ऐकल्याशिवाय तो फुटपाथवरून पाय खाली टाकणार नाही. तेवढं करा आणि मग हवं तितकं बोला, आम्ही बसू.

खाली उतरायच्या पायऱ्या त्या बाजूला आहेत. आधी डावीकडे, देवदत्तराव.